व्याधाचा वर्णपट आणि पुष्पाचं लग्न

आमच्या पुष्पाचं जमत आलेलं लग्न व्याधाच्या ताऱ्यामुळे मोडायच्या बेताला आलं होतं, आणि त्याला मी एकटी जबाबदार नव्हते. निम्मा दोष आमच्या ह्यांचा. (त्यांना हे अजून मान्य नाही.)

पुष्पा माझी नणंद. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही सक्करदऱ्याला राहायचो आणि मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. एकदा वर्गात मी मोठ्या ऐटीत सांगितलं की, ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग सुटे करून त्यांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, पाडला तर त्यातल्या काळ्या रेघांवरून त्या ताऱ्यात कोणता वायू आहे हे घरबसल्या कळतं. मुलींच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं, एकीलाही हे खरं वाटलेलं नाही. मग मी ठरवलं, वर्णपटाचा फोटोच काढून यांच्यापुढे ठेवायचा. त्यात अवघड ते काय?

सामान घरातच होतं. ह्यांचा घडीचा कॅमेरा आणि शाळेतून मागून आणलेला काचेचा लोलक. लोलक भिंगापुढे बसवून परकराच्या नाडीनं घट्ट आवळला. तारा आकाशात सरकला की वर्णपटाची बारीक रेघ आपोआप रुंद होऊन तिचा पट्टा होतो, म्हणजे कॅमेरा नुसता स्थिर ठेवून झाकण उघडं धरलं की झालं. गच्चीवर एक पाट, पाटावर विटा आणि विटांवर कॅमेरा. आमची वेधशाळा तयार.

एकच अडचण होती. लोलक प्रकाशाला वाकवतो, त्यामुळे वरचा तारा हवा असेल तर कॅमेरा बराच खाली वळवावा लागतो. व्याध होता दक्षिणेला चांगला उंचावर आणि माझा कॅमेरा नेमका शेजारच्या वाघमारेकाकांच्या गच्चीवर रोखलेला, जिथे काका संध्याकाळी बनियनवर हवा खात बसत. मी गुडघे टेकून डोळा लावून बसलेली पाहिल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, तारे वर आहेत अन् तू वाघमाऱ्याले काहून पाहून राहिली?"

मी त्यांना अपवर्तन समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि खाली जाऊन ह्यांना वर पाठवलं.

त्याच आठवड्यात भिवापूरच्या मिरचीच्या व्यापाऱ्यांकडून पुष्पाला मागणी आली होती. मुलगा येऊन पाहून गेला होता, पुष्पालाही तो मनापासून आवडला होता. त्याच्या घरच्यांनी नातेवाइकांना दाखवायला एक फोटो मागितला, म्हणून ह्यांनी दुपारी गच्चीवरच तिचे फोटो काढले. एकात तिचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात ती कावळ्याकडे बघतेय, शेवटचा मात्र असा झकास की काय सांगावं. मान किंचित कललेली, ओठांवर हसू, काळेभोर केस.

आता त्या कॅमेऱ्यात फिल्म हातानं पुढे सरकवावी लागे. फोटो काढल्याबरोबर सरकवायची ही माझी सवय. पुढचा फोटो काढायच्या आधी सरकवायची ही ह्यांची. दोन्ही सवयी आपापल्या जागी उत्तम होत्या. ह्यांनी पुष्पाचा शेवटचा फोटो काढून कॅमेरा तसाच ठेवला, आणि संध्याकाळी मी त्याला लोलक बांधून व्याधाकडे (म्हणजे वाघमारेकाकांकडे) वळवला.

त्या संध्याकाळी मी उरलेली सगळी फिल्म संपवली. पहिल्या फोटोनंतर काकांनी गच्चीवरचा दिवा लावला, मग नाडी सैल होऊन लोलक घसरला, मग सासूबाई वाळवणाच्या कुरड्या उचलायला आल्या आणि पाटाला पाय लागला. रोल धुऊन आला तेव्हा माझे सगळे फोटो वाया! व्याधाचा मागमूस नाही.

पुष्पाचा फोटो मी तेव्हा पाहिलाच नाही. तो ह्यांनी दुकानातूनच परस्पर भिवापूरला धाडला, आणि आणखी प्रती लागल्या तर असाव्यात म्हणून निगेटिव्हही सोबत दिली. त्या कृष्णधवल फोटोत केसांवर एक पांढरा पट्टा त्यांना दिसला होता. पण ती तेलाची चमक असेल असं त्यांना वाटलं.

भिवापूरकरांना तसं वाटलं नाही. आठवड्याभरात मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मावशी अशी मंडळी भर दुपारी दारात हजर. चहा झाला, पोहे झाले, तरी मूळ मुद्दा कोणी काढेना. शेवटी मुलाच्या आईनं पुष्पाला जवळ बसवून वेणी सोडायला सांगितली. कोड आहे की अकाली पिकलेले केस, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. पुष्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती एकेक पेड सोडू लागली.

मावशीबाईंनी पिशवीतून फोटो काढून पुढे केला. मी पाहिला मात्र, माझं भान हरपलं. पुष्पाच्या केसांवर आडवा, स्वच्छ, रेखीव पट्टा, आणि त्यात ओळीनं उभ्या काळ्या रेघा! व्याधाचा वर्णपट! पुस्तकातल्यासारखा!

प्रसंग काय आहे हे विसरून मी फोटो हिसकावून घेतला आणि उभी राहिले. कपाटातून लोलक आणून खिडकीच्या उन्हात धरला, भिंतीवर सप्तरंग पाडून दाखवले, कॅमेऱ्यातली फिल्म सरकायची राहून पुष्पाच्या फोटोवरच ताऱ्याचा फोटो कसा उमटला ते सांगितलं, आणि मुलाच्या वडिलांच्या नाकासमोर फोटो धरून ठासून म्हणाले, "या काळ्या रेघा पाहा. हा सगळा हायड्रोजन आहे."

वडील फोटोकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी काळजीनं विचारलं, "म्हणजे पोरीच्या डोक्यात गॅस आहे म्हणता?"

"पोरीच्या नाही जी," सासूबाई म्हणाल्या. "सुनेच्या."

पहिल्यांदा मुलगा हसला. मग त्याची आई, आणि मग मोकळ्या केसांनी बसलेली पुष्पा. तिचे केस काळेभोर होते हे एव्हाना सगळ्यांनी पाहिलंच होतं. सुपारी त्याच दुपारी फुटली.

मुहूर्त ठरल्यावर मी हळूच जावयांकडे फोटो मागितला. त्यांनी साफ नकार दिला. पुष्पाचा इतका चांगला फोटो दुसरा नाही, म्हणाले. निगेटिव्ह तरी द्या म्हटलं, तर ती त्यांच्या घरच्या सामानात कुठे गेली कोणाला ठाऊक नव्हतं. नंतर मी कितीदा तरी प्रयत्न केले, पण तसा वर्णपट पुन्हा काही मिळाला नाही.

माझ्या आयुष्यातलं एकमेव खगोलशास्त्रीय यश आज भिवापूरला, त्यांच्या बैठकीत, चौकट करून लावलेलं आहे. मी मागे गेले होते तेव्हा एका पाहुण्यानं केसांवरच्या त्या पट्ट्याबद्दल विचारलं. मी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात जावईबापू माझ्याकडे बोट दाखवून प्रेमानं म्हणाले, "तो डाग होय. आमच्या वहिनीले फोटो काढता येत नाही."