इंदापूर तालुक्यातला सौरडाग

माझं पोट आकाशगंगांवर चालतं. तरी वर्षातून चार-पाच शनिवार दुर्बीण गाडीत टाकून मी बारामती-इंदापूरच्या शाळांमध्ये सूर्य दाखवत हिंडतो. दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर ताटलीएवढा सूर्य पाडायचा आणि त्यावरचे डाग दाखवायचे, एवढंच. त्यातल्याच एका शनिवारी मी खोटं वागलो. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

लोणी देवकरच्या अलीकडचं गाव. सकाळचे अकरा. मुलांबरोबर पालकही रांगेत. भाषणात मी डागांचं इतकं रंगवून सांगितलं होतं, की पुठ्ठ्यावर काळा ठिपका दिसताच बोट ठेवून मोकळा झालो. "हा बघा सौरडाग! आपली अख्खी पृथ्वी मावेल यात."

पहिले पुढे आले डाळिंबाची बाग असलेले एक तात्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फळ तपासावं तसा सूर्य तपासला.

"तेल्या रोग पडलाय की ह्याला! फवारनी कसली घ्यायची, सायेब?"

रांग हसली. मागून त्यांची बायको वाकली. "काजळी हाय ही. कारखान्याची. माज्या वाळवनावर रोज पडती."

"काकू," मी म्हणालो, "पंधरा कोटी किलोमीटरवर कुठला आलाय कारखाना?"

सगळं मैदान खिदळलं. काकू बाजूला झाल्या. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की सूर्य पुठ्ठ्यावरून हळूहळू सरकतोय, पण डाग जागचा हलत नाहीये. तो सूर्यावर नव्हताच. दुर्बिणीच्या काचेवर बसला होता. मी तोंड उघडलंही. पण मुख्याध्यापक शाल-नारळ घेऊन समोर उभे. हातात नारळ आल्यावर माणसाला खरं बोलता येत नाही. उरलेल्या रांगेनं ती काजळी मोठ्या भक्तिभावानं पाहिली.

वर्षानं त्याच शाळेचं बोलावणं आलं. तात्या फाटकातच भेटले.

"आमची शास्त्रज्ञीन बी आलीया! वरीसभर सारं गाव इचारतंय तिला, काकू, आज चांदाव कुठला कारखाना चालू हाय?"

काकू रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या होत्या. पुढच्या बायका मागं वळून हसत होत्या. मी माइक घेतला आणि भाषण सोडून सांगून टाकलं. डाग नव्हता, काजळीच होती. काकूंचं बरोबर होतं. आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं.

तात्यांनी टोपी उगाच सारखी केली. "आता घरात ऱ्हायचं कसं म्या?"

काकू रांग मोडून तडक पुढे आल्या.

"कळलं व्हतं, तर तवाच पुसायचं की!"

आणि पदराच्या टोकानं त्यांनी ती काच खसाखसा पुसली. ज्या काचेवर मी सहकाऱ्यांना फुंकरही मारू देत नाही, ती.

मग त्या पुठ्ठ्यावर वाकल्या. सूर्य लख्ख होता. फक्त मधोमध एक बारीक, आडवी, नवीन रेघ.

"ही रं काय? सूर्यावर हाय का काचंवर?"

"काचेवर, काकू," मी लगेच म्हणालो. "काचेवर."