बसवनगुडीत गोड बोलताना

बंगळूरच्या येलहंका स्टेशनवर उतरले, तर सकाळच्या गार हवेत मुक्ता, माझी लेक, शाल घेऊन उभी. पाया पडून उठता उठताच म्हणाली, "आई, आज जरा सांभाळून बोल हं." अहो, मी अजून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं!

कारणही तसंच होतं. दुपारी बसवनगुडीला श्रीधरच्या घरी जायचं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलंय, आता आम्हा आयांची भेट व्हायची, आणि त्यावरच लग्न ठरायचं. श्रीधरची माणसं मूळची बेळगावकडची, आता पक्की बंगळूरची. बोलणं मऊ, जरा वळणावळणाचं. आणि मी पुण्याची. भाजी बिघडली तर ती करणारीला तिथल्या तिथे कळायला हवं, या मताची.

सराव ऑटोपासूनच सुरू केला. एरवी मी चालकाला दोन शब्द सुनावले असते. इथे म्हटलं, "अण्णा (दादा), स्वल्प (थोडं) हळू." तो "सरी (बरं), अम्मा" म्हणाला आणि खरंच हळू चालवायला लागला. हे तर सोपं आहे, असं वाटून मी भलतीच खूश झाले.

दारात श्रीधरची आई, सुमित्राक्का. "या. बसा. पाणी?" एवढंच. मऊपणा कुठे गेला, कळेना. मी मात्र नेटाने गोड राहिले. घर छान, लाल फरशी छान, झाडं तर फारच छान. केळीच्या पानावर हुळी (भाज्यांचं आंबट वरण) आली, तिच्यात मिठाचा पत्ता नव्हता. "उत्तम झालीय," मी म्हटलं. मुक्ता माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला ताप आलाय.

जेवणं झाली. अक्का कॉफीचे पेले ठेवून समोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमचं घर पसंत नाही ना तुम्हाला?"

मी उचललेला पेला खाली ठेवला. मुक्ताचा चेहरा उतरला.

"मुक्ता म्हणाली होती, आई तोंडावर सांगते," अक्का म्हणाल्या. "तुम्ही तर सगळ्यालाच छान म्हणालात. आमच्याकडं नकार द्यायचा असला की असंच बोलतात."

मग कळलं, पुण्याच्या बाईला लांबण आवडत नाही म्हणून त्या बिचाऱ्या मी आल्यापासून शब्द मोजून बोलत होत्या. मला हसू आलं. आता गोडवा पुरे.

"अक्का, हुळीत मीठ नव्हतं," मी म्हटलं. "आणि माझी लेक या घरात सुखात राहील."

अक्कांनी डोळ्याला पदर लावला. मीठ राहिल्याचं त्यांना पहिल्या घासालाच कळलं होतं. मी बोलेन म्हणून वाट बघत होत्या! मग जी गप्पांची गाडी सुटली ती थांबेना. मला हळदकुंकू लावून, ओटी भरून दाराशी पोचवल्यावरही अक्का अर्धा तास बोलतच होत्या. मुक्ता आणि श्रीधर चपला घालून ताटकळले.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर श्रीधरने अक्कांचा डबा आणून दिला. गाडी हलली आणि मनात आलं, दुसरीला रुचेल तसं बोलण्याच्या नादात आम्ही दोघी आपापली ओळख बाजूला ठेवून बसलो होतो, आणि त्यात पोरांचं लग्न मोडायची वेळ आली होती.

डबा उघडला. हुळीभात. एक घास घेतला आणि लगेच फोन लावला.

"अक्का, मीठ स्वल्प जास्त झालंय हं."

पलीकडून आधी हसू आलं, मग "सरी."