लोकांच्या पेट्या

बुवापाड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यातली दीड खोली दुसऱ्यांच्या सामानाने अडवलेली. बाबा अंबरनाथमधल्या एका कारखान्यात फिटर होते. गावाकडून कामासाठी आलेला प्रत्येक जण आधी आमच्याकडे उतरायचा, खोली मिळाली की निघायचा आणि जाताना काहीतरी ठेवून जायचा. धाकट्या आत्याच्या लोखंडी पेट्या, दुबईला गेलेल्या शेजाऱ्याचं कपाट, बाबांच्या मित्राचं बंद पडलेलं शिलाई मशीन. "लोकांनी विश्वासाने ठेवलंय," असं बाबा छाती फुगवून सांगायचे. मला त्या विश्वासाचा भारी राग यायचा, कारण पेट्यांचे कोपरे माझ्याच गुडघ्यांना लागायचे.

आई काही बोलायची नाही. रोज सकाळी परक्या पेट्यांवरची धूळ पुसायची, त्यांच्यामागचे उंदीर हाकलायची आणि रात्री पेट्या नि कपाटाच्या मधल्या फटीत अंग चोरून पडायची. मी सातवीत असताना तिची झोप पार उडाली. छातीत धडधडायचं. स्टोव्ह पेटवायची आणि काय शिजवायचं होतं तेच विसरायची. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तर हृदय ठणठणीत. "घरात काही टेन्शन?" त्यांनी आईला विचारलं. उत्तर बाबांनीच दिलं, "टेन्शन कसलं डॉक्टर, सगळं आहे घरात." डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. ती बाटली ठेवायलाही आम्हाला जागा शोधावी लागली.

मग दुपारची आई घरात दिसेनाशी झाली. मी शाळेतून यायचे तर दाराला कुलूप. एकदा शोधत शोधत वस्तीतल्या विहारात गेले. विहार म्हणजे पत्र्याचा एक हॉल. समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, बाकी नुसती मोकळी फरशी. त्या फरशीवर एका कडेला आई झोपली होती. हात पसरलेले, तोंड उघडं, चक्क घोरत होती. तिचं घोरणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. मला रडू आलं आणि बाबांचा संताप आला.

बाहेर आले तर बाबा पहिली पाळी संपवून घरी येतच होते. मी त्यांना हाताला धरून विहाराच्या दारात नेऊन उभं केलं. त्यांनी तिचे पसरलेले हात पाहिले. "उठवू नको तिला," एवढंच म्हणाले.

रविवारी त्यांनी लोकांचं सामान परत करायला टेम्पो सांगितला. मीही हट्टाने बरोबर गेले. विठ्ठलवाडीला मित्राने मशीन बघून कपाळावर हात मारला. "अरे, अजून हाय तुझ्याकडे? मला वाटलं, कधीच भंगारात दिलं असशील." उल्हासनगरला शेजाऱ्याच्या भावाने तर कपाट टेम्पोतून उतरवूच दिलं नाही. "दुबईत त्याने नवीन घेतलंय, हे विकून टाका ना," म्हणाला. बदलापूरला आत्याने पेट्या उघडल्या. आत फाटक्या गोधड्या आणि कळकट भांडी. "दादा, नव्या फ्लॅटमध्ये हा कचरा कुठे ठेवू रे मी?"

मशीन आणि पेट्या ज्याच्या त्याच्या दारात उतरवल्या, कपाट वाटेत भंगारात दिलं. परतताना बाबांचा चेहरा उतरला होता. टेम्पोत म्हणाले, "तुझी आई मला कधी बोलली कशी नाही?"

"तुम्ही विचारलं होतं का?" मी म्हटलं. एरवी एक फटका मिळाला असता. त्या दिवशी त्यांचा हात उठला नाही.

घर मोकळं झालं म्हणून आई लगेच बरी झाली नाही. काही दिवस ती सवयीने विहारातच जात राहिली. घरात असली तरी भिंतीला चिकटून, अंग आक्रसूनच बसायची. हळूहळू धडधड कमी झाली आणि एका दुपारी ती घरातच, खोलीच्या मधोमध चटई टाकून आडवी झाली.

नेमका त्याच दुपारी बाबांचा पुतण्या रिक्षातून कूलर घेऊन आला.

"जय भीम काका. दोनच महिने ठेवतो, मग घेऊन जातो."

बाबांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "जय भीम. तू बस, बाहेरच चहा घेऊ. पण कूलर परत ने."

"काका, एवढासा तर आहे."

"हळू बोल. काकू झोपलीय."

"आत्ता? दुपारची?"

"हो," बाबा म्हणाले, "आता ती घरात झोपते."