लार्चची फळी

ओटिलीला विस्तवाची भीती वाटायची. चूल पेटवल्याशिवाय बाईमाणसाचं चालतं का? पण नवरा, काश्पर, गेल्यापासून ती चूल पेटवायची ती तोंड फिरवून. पाव करपला तरी निखाऱ्याजवळ तिचा हात पटकन जायचा नाही. रिकामा तवा तर तिने कधी चुलीवर राहूच दिला नाही. मेल्यावर पापं जाळून काढणाऱ्या शुद्धीच्या आगीतून घटकाभर सुटून आलेला एखादा आत्मा विसाव्याला त्या तव्यावर बसला तर? आगीतून निघाला आणि आपल्याच घरात भाजला, असं व्हायचं. आणि तो आत्मा काश्परचाही असू शकत होता.

बव्हेरियातल्या त्या डोंगरी गावात निम्मे कॅथलिक आणि निम्मे लूथरवाले प्रोटेस्टंट, चर्च मात्र दोघांत एकच. रविवारी आधी लूथरवाले गाऊन घ्यायचे, मग कॅथलिक आत शिरायचे, आणि पायऱ्यांवर गाठ पडली की टोमणे ठरलेले. "धूप जरा बेतानं जाळा, आमच्या कोटांना आठवडाभर वास येतो." "तुम्ही जरा बेतानं गा, आमच्या संतांचे कान किटले." एवढ्यावर भागायचं. खरी जुंपायची ती मेलेल्यांवरून. माणूस मेला की थेट देवापुढे, मधे मुक्काम नाही, असं लूथरवाले म्हणायचे. कॅथलिकांना ठाऊक होतं की मधे आग आहे, आणि बरीचशी माणसं तिच्यातूनच जातात.

काश्पर लाकूडतोड्या होता. मनाचा मऊ, पण तोंडाचा फाटका, आणि फादरशी एकदा वाजल्यापासून पापांची कबुली द्यायला फिरकला नव्हता. हिवाळ्यात एक झाड भलतीकडे कललं आणि तो त्याच्याखाली सापडला. फादर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कबुली नाही, मरणाऱ्याच्या कपाळी लावायचं शेवटचं तेल नाही.

आता त्याला निजवायचं कशावर? तिथल्या कॅथलिक घरात माणूस गेला की पुरेपर्यंत त्याला फळीवर ठेवतात, आणि मग त्याच फळीवर नाव कोरून ती वाटेच्या कडेला उभी करतात. येणारा-जाणारा टोपी काढतो, प्रार्थना पुटपुटतो. ऊनपावसात फळी कुजते, एक दिवस कोलमडते, आणि त्या दिवशी आत्मा सुटतो असं लोक मानतात. म्हणून शहाणं माणूस माळ्यावर स्प्रूसची एक पातळ, भुसभुशीत फळी तयार ठेवतं. ओटिलीनेही ठेवली होती. पण काश्परने ती डुकरांच्या खुराड्याला ठोकून टाकली होती. "मरायला अजून अवकाश आहे," म्हणाला होता.

शेवटी फळी दिली टोबियासने. टोबियास शेजारचा सुतार, पक्का लूथरवाला, काश्परचा लहानपणापासूनचा मित्र. दोस्त गेला म्हणून तो गडी रडत रडत गेला आणि दुकानातलं सगळ्यात चांगलं लाकूड घेऊन आला. पुरून झाल्यावर त्यानेच त्याच फळीवर नाव कोरलं, कडेने वेलबुट्टी काढली. ओटिलीला त्या दिवसांत काय दिसत होतं? तिने फळीकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

पाहिलं ते रेगिनाने. फळी वाटेवर उभी राहिल्यावर ही म्हातारी शेजारीण प्रार्थनेला आली आणि तिने बोटाने फळी वाजवून पाहिली.

"ओटिली, ही लार्च आहे का गं?"

"टोबियासने दिली. मला काय ठाऊक?"

"अगं, गिरणीची चाकं करतात याची. राळेनं नुसतं भरलेलं लाकूड. पाण्यात घातलं तरी ढिम्म हलत नाही. ही तुझ्या-माझ्या नातवंडांना पुरून उरेल."

म्हणजे तोवर काश्पर आगीत. फळी बदलायची सोय नव्हती, कारण त्याचं अंग हिच्यावरच टेकलं होतं. तोडायची सोय नव्हती, कारण हाताने पाडलेल्या फळीचा आत्मा ना इकडचा ना तिकडचा राहतो. ती तशीच तडक टोबियासच्या दुकानात गेली.

"तू काय करून ठेवलंस हे?"

"का? चांगली फळी दिली."

"चांगली कशाला दिलीस? मेल्या, किडकी नव्हती एखादी?"

टोबियासला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा तो हसला, पण तिचं तोंड पाहून त्याने रंधा खाली ठेवला. "ओटिली, काश्पर केव्हाच देवापाशी पोचला. मधे धर्मशाळा नाही आणि भट्टीही नाही. येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या त्या चोराला कुणी स्वर्गाच्या वाटेत थांबवलं होतं का?"

"चोराने निदान गयावया केली होती. आमच्या ह्यांनी झाड पडताना शिवी दिली असेल."

"मग देव हसला असेल."

"तुमचा देव हसतो, टोबियास. आमचा सगळं लक्षात ठेवतो. तुमचं बरंय बाबा. माणूस मातीत घातला की हात झटकून मोकळे."

ती फादरकडे गेली. ते कावले. लाकडाचा आणि मुक्तीचा काय संबंध, हे अडाण्यांचे खेळ आहेत, म्हणाले. "मग तो सुटला का?" तिने विचारलं. तसंही सांगता येत नाही, म्हणाले. त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा करव, प्रार्थना कर. "किती वर्षं?" ते देवाला ठाऊक. म्हणजे फादरांनी फळी काढून घेतली आणि आग तेवढी तिच्या पदरात ठेवली. असल्या धीराला काय जाळायचंय?

तिने धीर सोडला नाही, पण भीतीनेही तिला सोडलं नाही. तिने फळी उचलवून ओढ्याकाठी, ऊन न पोचणाऱ्या दलदलीत रोववली. तिच्या बुडाशी ताकाचं पाणी ओतलं, शेण लिंपलं. मिस्सा झाला की दर रविवारी जाऊन ती फळीत नख खुपसून पाहायची. नख मोडायचं. स्प्रूसच्या कितीतरी फळ्या आल्या, हिरवट पडल्या, कोलमडल्या. रेगिना स्वतः मेली आणि तिची फळीसुद्धा पडली. काश्परची तेवढी करडी होऊन ताठ उभी होती. आत्मे घरी येतात त्या मृतांच्या दिवशी ओटिली दिव्यात तेलाऐवजी लोणी घालायची, म्हणजे तो आला तर भाजल्या जागी लावील. सकाळी लोणी जळून गेलेलं असायचं आणि तिला हुंदका यायचा. काश्परला साधा चटका सोसायचा नाही हो. सूप गरम असलं तरी ओरडायचा.

एका गोष्टीवर मात्र ती जगत होती, आणि ती तिने कुणालाच, अगदी फादरलाही सांगितली नाही. टोबियास रोज त्याच ओढ्याकाठच्या वाटेने लाकडं आणायला जायचा आणि काश्परच्या फळीपुढे त्याने कधीच टोपी काढली नाही. कॅथलिक बायका त्याला बोल लावायच्या. ओटिलीही तोंडावर म्हणायची, "दोस्तासाठी टोपी उचलली तर हात झडतील का रे?" तो म्हणायचा, "तो तिथे असता तर उचलली असती." घरी येऊन ती हे वाक्य मनात घोळवायची. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ज्याला आतून खात्री आहे तोच असं करू शकतो. आणि त्याची खात्री खरी असेल, तर काश्पर कुठेच जळत नव्हता. हा विचार पाप होता. तरी अगदीच असह्य झालं की ती तोच धरून झोपायची.

म्हातारपणी तिच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर मान हलवून गेला. तिने टोबियासला बोलावलं. तोही आता वाकला होता, पण रंधा चालवत होता.

"माझी फळी कर," ती म्हणाली. "लार्चची. अगदी काश्परच्यासारखी."

"लार्च कशाला आता?"

"मी भुसभुशीत फळीवर गेले तर चार पावसाळ्यांत सुटेन. तो तिथे, आणि मी एकटी वर जाऊन काय करू? जितके दिवस त्याला, तितके मला."

टोबियास दुकानात परतला. दोनतीन दिवसांनी दुपारी तो फळी घेऊन आला आणि ती त्याने खाटेला टेकवली. सुरेख केली होती, लार्चसारखा तांबूस रंगही दिला होता. ओटिलीने सवयीने हात लांब केला आणि नख टेकवलं. नख मुळापर्यंत आत गेलं. पॉपलर. चुलीतसुद्धा कुणी घालत नाही असलं लाकूड.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "टोबियास, मधे आग नाही ना?"

"नाही. किती वेळा सांगू?"

"मग मऊ लाकूड कशाला आणलंस?"

त्याने फळीवरच्या नखाच्या खुणेवर अंगठा दाबून धरला.  

"लार्चची आण," ती हळूच म्हणाली. "आता तर लार्चचीच आण."

तो पॉपलरची फळी खांद्यावर टाकून निघाला. खिडकीतून ओढ्याकडची वाट दिसत होती. काश्परच्या फळीपाशी तो रेंगाळला. ओटिलीने उशीवरून मान वर केली. 'जा रे,' ती मनात म्हणत होती, 'जा पुढे, नेहमीसारखा जा.' टोबियासने खांद्यावरची फळी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि टोपी काढली.

ओटिलीने डोळे घट्ट मिटून घेतले. काश्पर जळत नाही, असं म्हणणारं आता गावात कुणी उरलं नव्हतं.