पुलपिटाच्या दाराची कडी

नागपूरच्या सदर भागातल्या लॉडर चर्चमध्ये गेल्या अकरा वर्षांत किती पाळक आले नि बदलून गेले, हे यमुताई बनसोडला विचारावं. नावांत ती चुकेल, पाठींत चुकणार नाही. एकाच्या मानेवर मस होता, एकाचा झगा कायम डाव्या खांद्यावरून घसरायचा, आणि आत्ताचे सुशील पाळक रंगात आले की टाचा उचलतात. चेहरे तिनं बाहेर पाहिले होते, चहा पिताना, स्कूटर काढताना. उपदेश करतानाचा चेहरा मात्र एकाचाही नाही, कारण उपदेशभर ती त्यांच्या मागे उभी असायची, पुलपिटाचं दार हातानं धरून.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल या लोकांना वेड लागलंय. पुलपिट म्हणजे उपदेशासाठी केलेला सागवानी उंचवटा. सहा पायऱ्या, आणि मागे कमरेइतकं दार. रविवारी दहाच्या ठोक्याला सगळी मंडळी उठून उभी राहते. यमुताई जाडजूड पवित्र शास्त्र दोन्ही हातांनी छातीशी धरून मधल्या वाटेनं येते, वर नेऊन ठेवते, उघडते, खाली उतरते. मग पाळक चढतात. पाळक कितीही मोठा असो, शास्त्राच्या आधी त्याचं पाऊल आत पडत नाही. ही रीत स्कॉटलंडहून आलेली. त्यानंतर यमुताई पुन्हा वर जाऊन दार लावते आणि ते धरून वरच्या पायरीवर उभी राहते. चाळीस मिनिटं. सणाला तासभर, कारण सणाला पाळकांना आवरत नाही.

यमुताई उमरेडच्या विणकराची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन चर्चमागच्या दोन खोल्यांत आली. सासरे चर्चचे राखणदार, त्यांच्या आधी त्यांचे वडील, आणि त्यांच्यानंतर तिचा नवरा अनंत. अनंत तीस वर्षं ते दार धरून उभा राहिला, आणि उपदेश चालू असताना यमुताई मागच्या खोलीत मंडळीचा चहा उकळायची. एकदा हिवतापानं फणफणला होता तरी गेला. तो कापत होता, दार खडखडत होतं, आणि खाली बसलेल्यांना वाटलं, माणूस भक्तीनं थरथरतोय. अकरा वर्षांपूर्वी तो वारल्यावर बाईनं शास्त्र आणावं की नाही यावर चर्चची कमिटी दोन बैठका बसली. तिसऱ्या बैठकीआधी रविवार आला. यमुताईनं शास्त्र उचललं आणि चालू लागली. तो मान तिला पगारापेक्षा मोठा वाटायचा. आठवडाभर ती झाडायची, पुसायची. त्या चाळीस पावलांपुरते तिच्यासाठी लोक उठून उभे राहायचे.

पण वयानं कोणाला सोडलंय? अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चाला हवं तेवढं, थोड्या पायऱ्याही चढा, पण एका जागी उभं राहणं बंद. कमिटीनं दुसरा माणूस शोधून पाहिला. शास्त्र आणायला सगळे तयार, तासभर ताटकळायला कोणी नाही. शेवटी कमिटीचे प्रमुख दानियल मास्तर म्हणाले, नाताळपर्यंत यमुताईनं कसंबसं करावं, मग ही रीतच बंद करू, शास्त्र वरच ठेवून देऊ.

"दार न धरता नुसतं शास्त्र आणलं तर नाई जमत का, मास्तर?" यमुताईनं विचारलं.

"अर्धी रीत म्हणजे रीत नव्हे, ताई," मास्तर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. शाळेत चाळीस वर्षं हजेरी घेतली होती, त्यामुळे त्याला अर्धं काही चालत नसे.

यमुताई त्या दिवशी जेवली नाही.

चर्चला दीडशे वर्षं होत होती. बँकेत नोकरी करणारी मोनाली त्याची पुस्तिका लिहीत होती. चर्च ज्याच्या पैशांनी बांधलं त्या स्कॉटलंडमधल्या किर्कलॉडर गावाला तिनं ईमेल पाठवला, आणि तिकडच्या मार्गारेटबाईंनी गावाच्या चर्चांचा सगळा इतिहासच पाठवून दिला. मोनालीनं तो यमुताईच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला.

काय ते गाव! वस्ती जेमतेम चार हजार आणि चर्चं तीन. देव एक, शास्त्र एक, तरी तीन. पाळक कोणी नेमायचा, जमीनदारानं की मंडळीनं, यावरून १८४३ मध्ये निम्मं गाव भर उपासनेतून उठून गेलं आणि रस्त्यापलीकडे दुसरं चर्च बांधून बसलं. तिसरे तर त्याच्याही आधी रुसलेले. घंटा एकाच वेळी वाजायच्या, आणि सख्खे भाऊ समोरासमोरच्या दारांनी आत जायचे. नागपूरच्या चर्चसाठी पैसे त्या उठून गेलेल्यांनीच पाठवलेले. १९२९ मध्ये तिन्ही मंडळ्या कागदावर एक झाल्या, एका छताखाली बसायला मात्र आणखी पन्नास वर्षं लागली. आता एक चर्च गालिच्यांचं दुकान आहे, एकात लोक राहतात, आणि उरलेली मंडळी एका हॉलमध्ये खुर्च्यांवर बसते.

"म्हणजे आपल्यासारखेच हायेत वं," यमुताई म्हणाली. तिला बरं वाटलं.

मोनालीनं उत्तरात मोठ्या अभिमानानं लिहिलं, की तुमची रीत आम्ही जपली आहे, शास्त्र आणणारी बाई उपदेशभर दार धरून उभी राहते. चार दिवसांनी उत्तर आलं. मार्गारेटबाई लिहीत होत्या, शास्त्र आणायची रीत आमचीच, आमच्याकडे ती पुलपिटाबरोबर गेली, तुमच्याकडे आहे हे वाचून डोळे भरून आले. पण दार धरून उभं का राहायचं? आमचा माणूस दार लावून शेगडीजवळ जाऊन बसायचा. तुमच्या दाराची कडी मोडली आहे का?

दोघी तशाच उठून चर्चमध्ये गेल्या. यमुताईनं दाराच्या कडेवरून नखानं रंग खरवडला. एकावर एक रंगाचे थर निघाले, आणि खाली स्क्रूची चार भोकं.

मोनालीनं कमिटीची जुनी इतिवृत्तं काढली. दोन दिवसांनी १९३१ सालची नोंद सापडली. कडी तुटल्यामुळे पाद्रीसाहेब मागे सरताना दारासकट बाहेर आले व तीन पायऱ्या घसरले. सबब नवीन कडी येईपर्यंत राखणदारानं दार धरावं.

कडी कधी आलीच नाही. कोणी विचारलंही नाही. एक राखणदार गेला, दुसरा आला, आणि धरण्याची रीत झाली.

यमुताई बाकावर बसून राहिली. मोनालीला वाटलं, मावशी हसेल. ती रडली.

"तापात उभा होता वं माह्या माणूस," ती म्हणाली. "तीस वर्सं. काहून? एका कडीपायी? कोणी एकानं तरी पाहाचं होतं ना."

मोनाली तिचा हात धरून बसली.

कमिटीच्या बैठकीत दानियल मास्तरांनी नोंद दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, चूक असली तरी नव्वद वर्षांची आहे, आता तीच आपली परंपरा. दोघातिघांनी माना डोलावल्या. यमुताई आतापर्यंत बैठकीला फक्त चहा घेऊन यायची. तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

"मास्तर, माह्या सासऱ्यानं, माह्या नवऱ्यानं अन् म्या धरलं ते दार. तुमी एक डाव तरी धरलं का? ज्यायनं धरलं त्यायले इचारा का ते ठेवाचं का नाई. त्याच्यातली मी एकटीच जिती हाओ. मी म्हणतो, कडी लावा."

मास्तरांनी इतिवृत्ताची वही मिटली. मग म्हणाले, "लावा."

कडी आणायला ती स्वतः इतवारीच्या बाजारात गेली. पाच दुकानं पालथी घालून पितळेची, जाड, बोटाला गार लागणारी कडी घेतली. अनंतच्या पेटीतला पेचकस काढला आणि सागवानात चारही स्क्रू स्वतःच्या हातांनी पिळले. मोनालीनं मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "थांब, हे माह्यं काम हाये."

रविवारी दहाला मंडळी उभी राहिली. यमुताई शास्त्र घेऊन आली, वर ठेवलं, उघडलं, उतरली. सुशील पाळक चढले. तिनं दार लावलं आणि कडी सरकवली. दार जागचं हललं नाही. तरी क्षणभर तिचा हात दारावरच राहिला. मग ती एकेक पायरी खाली उतरली आणि मध्येच थबकली. पन्नास वर्षं या चर्चमध्ये काढली होती, यातला एकेक बाक हातानं पुसला होता. पण पुलपिटासमोर उपदेशाला कुठं बसायचं हे तिला ठाऊकच नव्हतं.

पाळक बोलायला लागले नाहीत. मंडळीही बसली नाही, सगळे तिच्यासाठी थांबले. पहिल्या बाकावरचे दानियल मास्तर सरकले आणि आपल्या शेजारची जागा त्यांनी हातरुमालानं पुसली. यमुताई बसली, तेव्हा सगळे बसले.

उपासना संपल्यावर मोनालीनं तिला दारात गाठलं. "काय मावशी, कसा वाटला उपदेश?"

"उपदेश कुठं आयकला मी," यमुताई म्हणाली. "त्यायच्या तोंडाकडेच पाहत बसली होती. पाळक बोलतानी हासतेत वं, मोनाली. आमच्या घरात कोणालेच मालूम नव्हतं."