मातीची वात

आम्हा कुंभारांच्या मातीखाणीची वाट आता सावलीतून जाते. खड्ड्यांत कमळं फुललीत, काठावर करंज माजलेत. फिरायला येणारे म्हणतात, निसर्गानं जखम भरून काढली. ती जखम म्हणजे आम्हीच होतो.

काल तात्यांना, माझ्या काकांना, तिथं नेलं. त्यांचं चाक बंद पडून वर्षं लोटली. त्यांनी काठावरची ओली माती उचलली, तळव्यावर वळून तिची वात केली आणि बोटाभोवती गुंडाळली. माती कसाची असली की वात तडकत नाही.

ती तडकली नाही.

"अजून तशीच आहे रे," ते म्हणाले.

"थोडी घरी नेऊया?"

"नेऊन करायचं काय?"

त्यांनी वात बोटावरून अलगद काढून पाण्यात सोडली. पाणी जरासं गढुळलं आणि लगेच निवळलं.