आठ म्हण

कुंदाताई मयेकर फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नसत. ‘आठ म्हण,’ म्हणत. समोरचा आठ म्हणाला की, ‘आता साठ म्हण.’ दोन्ही शब्द वेगवेगळे ऐकू आले तर पुढचं बोलणं, नाहीतर ‘लाइन घाण आहे, परत लाव’ म्हणून फोन खाली. ओळखीचे लोक हळूहळू सरावले. कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींची मात्र पंचाईत व्हायची. त्यातल्या एकीला वाटलं, बाईंना आठ लाख हवेत. तिने फॉर्म भरायला घेतला. मग साठ ऐकून तिने साहेबांना फोन जोडून दिला. कुंदाताईंनी साहेबांनाही आठ म्हणायला लावलं.

रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या एकोणिसाव्या वर्षी ऑपरेटर म्हणून लागल्या आणि ट्रंक कॉल बंद होईपर्यंत कानाला हेडफोन लावून बसल्या. त्यानंतरही निवृत्तीपर्यंत त्यांनी तक्रार विभागात लोकांचं ऐकून घेतलं. आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधे कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. रोज चार वाजता त्या गडग्यापाशी येऊन माझ्या बायकोला हाक मारत, ‘काय गो सुनंदा, आधण ठेवलंस?’ चहा पिऊन होईपर्यंत गावातल्या निम्म्या लोकांची लायकी ठरलेली असे. कोणी जास्त वेळ रेंगाळलं की त्या म्हणत, ‘तीन मिनिटं झाली. वाढवायचीत?’ ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांच्या हिशोबाने चालत, त्याची ही राहिलेली सवय. माझ्या साडूला त्यांनी हे दारात उभं राहून विचारलं होतं. तो तेव्हा आठ दिवसांसाठी राहायला आला होता.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे मला माझ्या एका तक्त्याविषयी लिहावं लागेल. तो तक्ता मला आजही आवडतो, हे आधीच सांगतो.

आमची पावसला हापूसची बाग आहे आणि घराच्या पुढच्या पडवीत ऑफिस. ऑर्डरी फोनवर येतात, मुंबई-पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या. त्यांतले कित्येक माझ्या वडिलांपासूनचे आहेत आणि त्यांना एकच गोष्ट जमते, पाठ असलेला नंबर फिरवणं. दोन महिन्यांचा हंगाम. त्यात फोन बंद राहिला तर माणूस वाट पाहत नाही, देवगडवाल्याला फोन करतो. आणि आमची तांब्याच्या तारेची जुनी लाइन दर आठवड्याला मरत होती. कधी खारी हवा, कधी रस्त्याचं खोदकाम. शेवटी ठरलं की ऑफिसला धंद्याचं इंटरनेट घ्यायचं आणि फोनही त्यावरच चालवायचा. म्हणजे त्याच जुन्या नंबरवर एका वेळी चार-चार कॉल, कोण बोलला त्याची नोंद, सगळं.

मी कुठलीही गोष्ट तक्ता केल्याशिवाय घेत नाही. मुलीच्या लग्नाचे हॉलसुद्धा मी गुण देऊन निवडले होते. इंटरनेटसाठी चौदा रकाने केले. वेग, बसवायला लागणारे दिवस, राउटर कोणाचा, बिघाड किती तासांत काढणार, अमुक नि तमुक. तीन दावेदार होते. एका मोठ्या कंपनीची फायबर, दुसऱ्या कंपनीचं छतावर डबी बसवून बिनतारी आणि तिसरा आमच्या मागच्या गल्लीतला केबलवाला जयंता.

मोठ्या कंपनीचा माणूस आला तेव्हा कुंदाताई चहाला बसल्या होत्या. त्याने टाय लावला होता. एप्रिलात. रत्नागिरीत. तो वेगाबद्दल बोलत होता आणि त्या त्याच्या घामाकडे बघत होत्या. त्याचं संपल्यावर त्यांनी विचारलं, रस्ता खणला आणि वायर तुटली तर कोण येणार? तो म्हणाला, आमची टीम येईल. त्या म्हणाल्या, टीमचं नाव सांग. तो म्हणाला, आजी, टोल-फ्री नंबर आहे ना. कुंदाताई म्हणाल्या, ‘आजी तुझ्या घरी. मी चाळीस वर्षं त्या नंबरच्या दुसऱ्या टोकाला बसलेय. तिथं कोण असतं ते मला नको सांगू.’

वीज गेल्यावर फोन कसा चालणार, हेही त्यांनी विचारलं. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच तारेवाटे वीज मिळे, त्यामुळे गाव काळोखात गेलं तरी फोन वाजायचा. हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. मी पंधरावा रकाना आखला. एवढा मोठेपणा मी दाखवला.

त्यांचं मत पडलं जयंताच्या बाजूने. ‘ज्याच्या घराचं दार आपल्याला ठोठावता येतं, त्याची वायर घ्यावी,’ म्हणाल्या. शिवाय त्यांनी त्याला गाठून काय काय विचारलंही होतं. तो म्हणतो, वेग निम्मा देईन पण जाता-येता सारखा देईन, असं त्या मला सांगू लागल्या. मी गुणांची बेरीज केली होती. मोठी कंपनी सत्त्याऐंशी, जयंता एकाहत्तर. सोळा गुणांचा फरक म्हणजे काय थट्टा आहे? मी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, ‘कुंदाताई, हे खुंट्या घालून कॉल जोडायचं काम नाही आता. तुमचं खातं बंद होऊन जमाना झाला.’

मी स्पष्ट बोलतो. त्याचं मला कौतुकही होतं. कुंदाताईंनी कप खाली ठेवला, तक्त्याच्या बरोबर मध्यावर. ‘तीन मिनिटं झाली,’ म्हणाल्या आणि गडग्यापलीकडे गेल्या. तो गोल डाग अजून त्या कागदावर आहे.

त्यानंतर तेवीस दिवस त्या चहाला आल्या नाहीत. दिवस मी मोजले. बायको म्हणाली, मोजत बसण्यापेक्षा जाऊन बोल. मी म्हटलं, मी चुकीचं काय बोललो? खातं बंद झालंच आहे. माहिती म्हणून ते वाक्य बरोबर होतं.

नवीन लाइन तर झकास लागली. मला गिऱ्हाईक शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं ऐकू येई. येईल त्याला मी वेग मोजून दाखवत होतो. त्याच उत्साहात मी अंगणात आणि पडवीत मिळून सहा कॅमेरे बसवून घेतले, त्यांचं चित्रण दिवसभर इंटरनेटवरून कुठल्या तरी दूरच्या कपाटात जाऊन पडायचं. आमच्या अंगणात चोरण्यासारखं काही नाही. पण वेग होता, तो वापरायला नको?

मग साठीची ऑर्डर आली. पार्ल्याचे एक गृहस्थ, वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक, साठ वर्षांचे होत होते. समारंभाला साठ पाहुणे, प्रत्येकाच्या हातात हापूसचा डझनाचा एक खोका द्यायचा. माझ्याकडून चुकायला नको म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा लिहून घेतलं. मग पावसच्या बागेतल्या खोके भरायच्या शेडवर सुभाषला फोन केला. सुभाष आमच्याकडे वीस वर्षं आहे. शेड डोंगराच्या कुशीत, मोबाईलला रेंज नाही, म्हणून तिथे जुनाच फोन ठेवलेला. मी म्हटलं, उद्याच्या गाडीला साठ खोके. तो म्हणाला, बरं शेठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला गाडीवाल्याचा फोन आला. तो हातखंब्याला, महामार्गाच्या फाट्यावर, चहा प्यायला थांबला होता. विचारत होता की आठ खोक्यांसाठी एवढी गाडी रिकामी न्यायची, तर वाटेत दुसरं भाडं घेऊ का. ‘आठ’ हा शब्द मला इतका स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता.

त्याला तिथेच थांबायला सांगितलं आणि सुभाषला फोन लावला. समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी तासा-दीड तासात हलली नाही तर साठ पाहुण्यांपैकी बावन्न जण हात हलवत जाणार आणि पार्ल्याचे गृहस्थ आम्हाला कायमचे सोडणार. तेही बोलून नाही, पुढच्या वर्षी फोन न करून. मी म्हटलं, सुभाष, अजून बावन्न भर. तो म्हणाला, बावीस, भरतो. मी म्हटलं, बावन्न. तो म्हणाला, हो शेठ, बावीस. मी ओरडलो. जितका ओरडलो तितका तो जास्त खात्रीने बावीस म्हणू लागला.

बायको मागच्या मागे गडग्याकडे गेली होती. कुंदाताई आल्या त्या हाताला तांदळाचं पीठ घेऊनच. माझ्याकडे बघितलंही नाही. दोन बोटांत फोन धरला आणि जो आवाज काढला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. सपाट, सावकाश, प्रत्येक शब्दाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेला.

‘सुभाष. कुंदा मयेकर बोलतेय. पेन घे. पाच. पंजा. म्हण.’

‘पंजा.’

‘दोन. जोडी. म्हण.’

‘जोडी.’

‘पाच आणि दोन. किती झाले?’

‘बावन्न. पण शेठ बावीस म्हणत होते.’

‘शेठ काहीही म्हणतात. लिहिलंस ते वाच.’

त्याने वाचलं. सहाच्या सुमारास बावन्न खोके टेंपोने हातखंब्याला पोचले. तोवर गाडीवाल्याचे चार चहा झाले होते. पार्ल्याच्या गृहस्थांना यातलं काहीच कळलं नाही. ते अजून फोन करतात.

फोन ठेवल्यावर मी लाइनला शिव्या घालायला सुरुवात केली, पण कुंदाताईंनी मला थांबवलं. ‘आता तू माझ्या घरी जा. मी इथून लावते. तू ऐक.’ मी गडगा ओलांडून गेलो. त्यांच्या कोनाड्यातला काळा फोन वाजला, मी उचलला. पलीकडे माझ्याच ऑफिसमधून कुंदाताई काही तरी म्हणत होत्या. आठ की साठ, मला सांगता येईना. शब्दाचं डोकं कोणीतरी कुरतडून नेल्यासारखं होत होतं. तीन आठवडे माझी सगळी गिऱ्हाइकं हे ऐकत होती आणि भिडेपोटी कोणी बोललं नव्हतं.

परत आलो तेव्हा त्या माझा तक्ता वाचत होत्या. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.

‘येणारं लिहिलंयस. जाणारं कुठाय?’

जाणाऱ्याचा वेग कंपनीच्या पत्रकावर होता. बारीक अक्षरात, पण होता. कंपनीने काही लपवलं नव्हतं. मी तो वाचला होता आणि सोडून दिला होता. आम्ही पाठवतो ते आंबे आणि ते ट्रकने जातात, असा माझा विचार. येणाऱ्याचा दहावा हिस्सा जाणारं. त्यातलंही बहुतेक सहा कॅमेरे माझं रिकामं अंगण दाखवण्यात खात होते, आणि उरल्यासुरल्यातून माझा आवाज वाट काढत जात होता. मी कॅमेरे बंद केले. कुंदाताईंनी पुन्हा सुभाषला फोन लावला आणि आठ-साठ, आठ-साठ म्हणून दाखवलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी विचारलं, अजून खोके भरायचे आहेत का?

‘आपल्याला काय ऐकू येतं ते कोणीही सांगेल,’ त्या म्हणाल्या. ‘आपला आवाज कसा जातो ते आपल्याला जन्मात कळत नाही. ते पलीकडच्याला विचारावं लागतं.’ आणि मग सुनंदाकडे वळून, ‘काय गो, आधण?’

हंगाम संपल्यावर मी जयंताची लाइन घेतली. जाता-येता सारखी. फोनला आधी वाट, मग बाकीच्यांना, असं त्याने राउटरमध्ये करून दिलं. वीज गेली तर चार तास चालेल अशी बॅटरीही जोडली. तक्त्यात ‘जाणारं’ हा सोळावा रकाना घातला. नव्याने बेरीज केली तरी मोठी कंपनीच दोन गुणांनी पुढे राहिली. तेव्हा मी तक्ता घडी करून ठेवून दिला.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला तशा कुंदाताई भाचीकडे वसईला गेल्या. दर रविवारी मी ऑफिसच्या फोनवरून त्यांना फोन करायचो. ‘आठ म्हण.’ आठ. ‘साठ म्हण.’ साठ. मग गावातल्या निम्म्या लोकांची चौकशी. त्या दिवशी त्यांनी तक्त्यावर कप ठेवण्याआधी मी जे बोललो होतो, त्याबद्दल दोघांनी कधीच काही काढलं नाही. मी मनात म्हणत होतो, त्या विसरल्या असतील. बायको म्हणायची, त्यांना ट्रंक कॉलचे नंबर अजून पाठ आहेत.

शेवटच्या रविवारी आठ-साठ झाल्यावर मी म्हटलं, ‘कुंदाताई, तुमचं खातं बंद झालं असं मी बोललो होतो. चुकलं माझं.’

‘ऐकू नाही आलं. परत म्हण.’

मी परत म्हटलं. चुकलं माझं.

‘चुकलं आलं. माझं तुटलं.’

‘माझं,’ मी म्हटलं. सपाट, सावकाश, दोन्ही बाजूंना जागा सोडून.

‘हां. आता आलं. तीन मिनिटं झाली,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या नव्या फोनवर प्रत्येक कॉलची नोंद राहते, वाटेत किती आवाज सांडला त्याच्या टक्केवारीसकट. नंतर मी ती उघडून पाहिली. जाताना शून्य. येताना शून्य.